इटलीतल्या विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी: इटालियन संभाषणवर्ग कसा निवडावा?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी.

दर वर्षी शरदात नवे विद्यार्थी इटलीत दाखल होतात आणि मला तोच प्रश्न येतो: "इटालियन संभाषणाचा वर्ग लावायचाय, कुठला लावू?" एकेकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही भर घालता येईल.

मी इथे इटालियन माध्यमातून इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आता डॉक्टरेट करते आहे. परीक्षांच्या दिवसांत प्राध्यापकांच्या शेजारी बसून तोंडी परीक्षा ऐकण्याचे कामही माझ्याकडे असते. खाली लिहिलेले बहुतेक सगळे त्या खुर्चीवरून दिसलेले आहे.

इटलीत तोंडी परीक्षा ही लेखी परीक्षेची शेपटी नसते. कायदा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांत बऱ्याचदा तीच संपूर्ण परीक्षा असते. वैद्यकीयमध्येही तिचे वजन मोठे आहे आणि अभियांत्रिकीत अनेक विषयांना लेखीनंतर तोंडी असतेच. गुण ३० पैकी, १८ ला उत्तीर्ण, आणि फारच छान झाली तर 'त्रेन्ता ए लोदे', म्हणजे तीस आणि वर शाबासकी. समोरचे प्राध्यापक म्हणतात, "मी पार्ली दि..." म्हणजे "अमुक विषयावर बोला", आणि थांबतात. आता तुम्ही बोलायचे. सुरुवात करायची, मुद्दा उलगडायचा, एका गोष्टीचा दुसरीशी सांधा जोडायचा.

इथली मुले हे शाळेपासून करत आलेली असतात. त्यांच्याकडे 'इन्तेर्रोगात्सिओने' नावाचा प्रकार आहे: शिक्षक वर्गासमोर प्रश्न विचारतात आणि मुलाने धड्यावर सलग बोलायचे. शाळा संपताना 'मातुरिता' परीक्षेतही 'कोल्लोक्विओ' म्हणजे तोंडी भाग असतो. त्यामुळे विद्यापीठात येईपर्यंत त्यांना या बोलण्याचे वळण पडलेले असते. आपली मुले बी२ चे (ए१ ते सी२ या युरोपीय भाषापातळ्यांतल्या चौथ्या पातळीचे) प्रमाणपत्र घेऊन येतात, पुस्तक कोळून पितात, आणि "मी पार्ली" ऐकल्यावर दोन वाक्यांत उत्तर संपवून पुढच्या प्रश्नाची वाट बघतात. सगळे येत असते. फक्त ते तुकड्यातुकड्याने बाहेर येते, आणि प्राध्यापकांना वाटते की एवढेच येते. २७-२८ च्या लायकीचा अभ्यास २१ वर थांबलेला बघताना मला खरोखर वाईट वाटते.

म्हणून माझे सांगणे असे, की संभाषणवर्ग निवडताना आधी विचारा: इथे मला सलग बोलायला मिळणार आहे का? बरेचसे वर्ग पर्यटकांच्या गरजेवर उभे असतात. हॉटेलात खोली मागणे, रस्ता विचारणे, सुट्टीत काय केले ते सांगणे. सुरुवातीला तेही हवे, पण विद्यापीठाचा विद्यार्थी तिथे सहा महिने राहिला तर सहा महिने सुट्टीचीच गोष्ट सांगत राहतो.

पहिली चौकशी विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात करा, म्हणजे चेन्त्रो लिंग्विस्तिको दि आतेनेओ, सीएलए. नोंदणी झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांना तिथले इटालियन वर्ग बहुधा फुकट किंवा सवलतीत मिळतात, आणि काही ठिकाणी त्याचे श्रेयांकही मिळतात. आधी पातळी ठरवणारी चाचणी असते. तिच्या तारखा सत्राच्या अगदी सुरुवातीला येऊन जातात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच संकेतस्थळ बघा. केवळ भाषाच शिकायची असेल, तर पेरूजा आणि सिएना इथली परदेशीयांसाठीची विद्यापीठे आहेतच. पेरूजाचे वर्ग १९२१ पासून चालू आहेत, सिएनाची परंपरा १९१७ पासूनची.

बाकी अनुभवी मंडळींनी लिहावे.

सायंतारा

अगदी वेळेवर आलेला धागा. पण एक मूलभूत शंका आहे ताई. माझे एम.एस्सी. पूर्ण इंग्रजीत आहे. व्याख्याने इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना इटालियन येत नाही आणि कोणाचे काही अडत नाही. आधीच अभ्यासाचा डोंगर आहे. अशा माणसाने संभाषणवर्गाला वेळ द्यावा का?

लोखंडी_पूल

@सायंतारा, मीही इंग्रजी माध्यमाचाच, स्थापत्य अभियांत्रिकी. पहिल्या वर्षी तुमच्यासारखेच वाटायचे. व्याख्यानांत खरेच काही अडत नाही. अडते ते 'तिरोचीनिओ', म्हणजे इंटर्नशिप शोधायला लागल्यावर. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या सोडल्या तर इथला बराचसा उद्योग छोट्या आणि मध्यम कंपन्यांचा आहे आणि तिथे सकाळची बैठक, साइटवरचे बोलणे, कंत्राटदाराचा फोन हे सगळे इटालियनमध्येच चालते. मुलाखत इंग्रजीत झाली तरी शेवटी विचारतातच, "ए लितालियानो?" (आणि इटालियन?) आणि तिथे "शिकतोय" म्हणणाऱ्यात आणि चार वाक्ये बोलून दाखवणाऱ्यात फरक पडतो.

त्याशिवाय विद्यापीठाची सेग्रेतेरिया (कार्यालय), घरमालक, डॉक्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. तंत्रज्ञांचे विशेष लिहितो, कारण यंत्राविषयी सगळ्यात जास्त त्यांना माहीत असते आणि ते मोकळेपणाने शिकवतात, पण आपल्या भाषेत.

इंग्रजी माध्यमाचा हा प्रश्न इथे कोर्टापर्यंतही गेला होता. मिलानच्या पोलितेक्निकोने २०१२ साली पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे सगळे शिक्षण इंग्रजीत नेण्याचा निर्णय घेतला, त्याविरुद्ध तिथलेच प्राध्यापक कोर्टात गेले, आणि २०१७ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितले की विद्यापीठाला इंग्रजीत शिकवता येईल, पण इटालियनचे प्राथम्य डावलून नाही. या देशाला आपल्या विद्यापीठातली आपली भाषा किती महत्त्वाची वाटते, हे त्यावरून लक्षात येते. आपण दोन वर्षे इथे राहणार, तर तिच्याशी ओळख करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

सायंतारा

पटले. सीएलएची चाचणी देऊन येते.

शाईची_दौत

मी एका विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवते. पाऊलवाट यांनी 'सलग बोलण्या'वर बोट ठेवले ते अगदी नेमके आहे. युरोपीय भाषापातळ्यांच्या चौकटीत, म्हणजे ए१ ते सी२ वाल्या, बोलण्याचे दोन वेगळे भाग धरले आहेत: एक एकट्याने सलग मांडणे आणि दुसरा समोरच्याशी देवाणघेवाण. माणूस दुसऱ्यात बी२ आणि पहिल्यात जेमतेम ए२ असू शकतो. गप्पांत समोरचा आपले वाक्य पूर्ण करून देतो, मान डोलावतो, विषय बदलतो. सलग बोलताना असे कोणी हात देत नाही. 'संभाषण' नावाच्या वर्गात बहुतेकदा दुसऱ्याच भागावर मेहनत होते, म्हणून वर्गाच्या नावावर जाऊ नका, आराखडा मागून बघा. त्यात सादरीकरण, एखाद्या लेखाचा तोंडी सारांश, बाजू मांडणे, अशा गोष्टी दिसल्या पाहिजेत.

दुसरे, एक साधा हिशेब करा. नव्वद मिनिटांचा वर्ग आणि पंधरा विद्यार्थी. शिक्षक तीस मिनिटे बोलले आणि उरलेल्या वेळात एकेकाला प्रश्न विचारत गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. त्याच साठ मिनिटांत जोड्या करून बोलायला लावले तर प्रत्येकाला तीस मिनिटे मिळतात. विद्यार्थिसंख्या तीच, शिक्षक तेच, आणि सातपटीहून जास्त फरक. म्हणून एक तास बसून बघायची परवानगी मागा आणि घड्याळ लावून बघा, तिथे कोण बोलते आहे.

जोडीकामालाही काही कारण लागते. "तुमच्या छंदांविषयी बोला" म्हटले की दोन मिनिटांत शांतता पसरते. त्याऐवजी मी एकाला एका संशोधनाची पद्धत देते, दुसऱ्याला त्याच संशोधनाचे निष्कर्ष देते, आणि दोघांनी मिळून ते तिसऱ्याला समजावून सांगायचे. माहिती अर्धी-अर्धी असली की बोलल्यावाचून गत्यंतर नसते.

चुका दुरुस्त करण्याबद्दलही विचारा. बोलता बोलता दर शब्दाला अडवणारे शिक्षक आणि काहीच न सांगणारे शिक्षक, दोन्हींकडून नुकसान होते. मी टिपून ठेवते आणि बोलणे संपल्यावर फळ्यावर पाच-सहा वाक्ये लिहिते, नाव न घेता. कोणाचे वाक्य होते ते ज्याचे त्याला कळते. ध्वनिमुद्रण करून घरी ऐकायला लावते तेव्हा आधी सगळे नाराज होतात, पण सुधारणा त्यातूनच सर्वांत जास्त होते.

कोरा_कागद

थोडा वेगळा सूर लावतो. संभाषण संभाषण म्हणून लोक ए१ संपायच्या आधीच अशा वर्गांत जातात. तोडकेमोडके बोलता येते, समोरच्याला समजते, आणि मग त्या चुका कायमच्या बसतात. दहा वर्षे इथे राहूनही 'सोनो आन्दातो' (मी गेलो) ऐवजी 'ओ आन्दातो' म्हणणारे लोक मला माहीत आहेत. मी व्याकरण पक्के करून मग बोलायला लागलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आधी क्रियापदे तोंडपाठ करा, बाकीचे आपोआप येते.

पाऊलवाट

@कोरा_कागद, पहिल्या अर्ध्याशी पूर्ण सहमत. ए२ होईस्तोवर निव्वळ संभाषणवर्गाला जाऊ नये, तोवर चारही अंगांनी शिकवणारा साधा वर्गच बरा. "आपोआप येते" याच्याशी मात्र नाही. तोंडी परीक्षेत मला दिसणारी जी मुले अडखळतात, त्यांतल्या कित्येकांचे लेखी व्याकरण इथल्या मुलांपेक्षा चोख असते. कागदावर 'कोन्ज्युन्तीवो', म्हणजे शंका-इच्छा दाखवणारे क्रियापदाचे रूप, अचूक लावणारी मुलगी बोलताना ते टाळण्यासाठी वाक्यच सोडून देते.

तुम्ही दिलेले उदाहरण मात्र मोलाचे आहे. 'सोनो आन्दातो' आणि 'ओ लेत्तो' (मी वाचले) यांतला फरक मराठी माणसाला खरे तर सोपा जावा. 'मी गेलो, मी गेले' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, 'मी वाचले' यात नाही. इटालियनमध्ये मुलगी 'सोनो आन्दाता' म्हणते, पण 'ओ लेत्तो' मुलाचे आणि मुलीचे सारखेच. आणि 'ती चिठ्ठी मी वाचली' म्हणताना आपण कर्माकडे बघून 'वाचली' करतो, तसेच ते 'लो लेत्ता' म्हणतात, कारण चिठ्ठी त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी. इंग्रजीतून इटालियन शिकलात तर हे सगळे नव्याने पाठ करावे लागते. मराठीतून विचार केलात तर बरेचसे घरचेच निघते.

ओलीमाती

+१. उच्चारांचेही तसेच आहे, म्हणून थोडी भर घालते. मी उच्चारशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

इटालियन त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखे. इंग्रजीच्या सवयीने 'टू', 'डोव्हे' असे ट-ड करू नका, सरळ 'तू', 'दोवे'. 'ग्रात्सिए', 'पित्सा' यांतला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च, आणि 'झेरो'तला पहिला उच्चार म्हणजे आपल्या 'जोर'मधला ज. 'चेना', 'चिनेमा' यांतला च मात्र 'चहा'तला. हे दोन च आणि दोन ज मराठीत वेगळे आहेत म्हणून आपल्याला ते मुद्दाम शिकावे लागत नाहीत. प, त, क यांच्यामागे हवेचा झोत सोडायचा नाही, तीही सवय आपल्याला आहेच.

जोडव्यंजनांत आपली बाजू आणखी भक्कम. 'पक्का', 'सत्ता', 'गल्ली' म्हणणाऱ्या माणसाला 'पाला' आणि 'पाल्ला' हे फावडे आणि चेंडू वेगळे ठेवायला जड जाऊ नये. तसेच 'सेते' तहान आणि 'सेत्ते' सात, 'कासा' घर आणि 'कास्सा' गल्ला. एकेरी व्यंजनाआधीचा आघात असलेला स्वर लांबवायचा आणि जोड व्यंजनाआधीचा आखूड ठेवायचा, एवढे लक्षात घेतले की काम होते.

मेहनत दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे व. आपला व ओठ नुसते जवळ आणून होतो, त्यांचा वरचे दात खालच्या ओठाला लावून. दुसरे म्हणजे आघात. मराठीत आघाताने अर्थ फारसा बदलत नाही, म्हणून आपण सगळे शब्द सपाट बोलतो. 'पार्लानो' शब्दात जोर 'पार'वर आहे, 'ला'वर नाही. 'आंकोरा' सुरुवातीला जोर देऊन म्हटले तर नांगर होतो आणि मध्ये दिला तर 'पुन्हा'. चांगल्या संभाषणवर्गात शिक्षक हे ऐकतात आणि सांगतात. नवा शब्द वहीत लिहाल तेव्हा आघाताची खूण त्याच वेळी करून ठेवा.

शाईची_दौत

@ओलीमाती, सुंदर. दोन च आणि दोन ज यांचा मुद्दा वर्गातल्या मराठी मुलांना नक्की सांगणार.

नवखा_प्रवासी

सगळे वाचतोय. माझी अडचण जरा निराळी आहे. व्याकरण ठीक आहे, ऐकलेले समजते, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ बसते. मराठीतही मी कमीच बोलतो. संभाषणवर्गाला नाव घातले आहे, पहिल्या दोन तासांना कोपऱ्यात बसून आलो. अशा माणसाने काय करावे?

पाऊलवाट

@नवखा_प्रवासी, तुम्ही एकटे नाही आहात. प्रत्येक वर्गात असे तीन-चार जण असतात आणि त्यांतले काही पुढे उत्तम बोलतात.

सर्वांत आधी एक गोष्ट करा, जिला पैसे लागत नाहीत. इटलीतल्या विद्यापीठांच्या तोंडी परीक्षा सार्वजनिक असतात. म्हणजे तुमची परीक्षा नसली तरी त्या खोलीत जाऊन मागे बसता येते. इथली मुले हे सर्रास करतात, प्राध्यापक काय विचारतात ते टिपून घ्यायला. तुम्ही भाषेसाठी बसा. एक सकाळ बसलात तरी कळेल की उत्तम गुण मिळवणारी मुलेसुद्धा थांबतात, शब्द शोधतात, वाक्य मध्येच मोडून नव्याने सुरू करतात. फक्त तेवढ्या वेळात ती गप्प नसतात. "अल्लोरा", "दुंक्वे", "चोए", "दिचामो" असे काहीतरी बोलत राहतात. "मी स्पिएगो मेल्यो", म्हणजे "जरा नीट सांगतो", असे म्हणून मागचे वाक्य दुरुस्त करतात. "पेर क्वान्तो रिग्वार्दा" म्हणून नव्या मुद्द्यावर जातात. असे पंधरा-वीस तुकडे टिपा आणि जिभेवर बसवा. विचार करायला तीन सेकंद हवे असतील तेव्हा ते तीन सेकंद इटालियनमध्येच गेले पाहिजेत, म्हणजे समोरच्याला तुम्ही अडकल्यासारखे वाटत नाही.

आणि "पोत्रेब्बे रिपेतेरे ला दोमान्दा?" हे वाक्य बिनदिक्कत वापरा. प्रश्न पुन्हा विचारायला सांगितल्याने कोणाचे गुण गेलेले मी पाहिले नाहीत.

शाईची_दौत

@नवखा_प्रवासी, तुमच्या शिक्षकांना वर्गाआधी दोन ओळींची ईमेल लिहा, की मला जोडीत बोलायला जमते, सगळ्यांसमोर अजून जमत नाही. कोणतेही समंजस शिक्षक ते ध्यानात ठेवतात. माझ्या वर्गात अशा विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाचा विषय आधी सांगते. तयारी करून आलेला माणूस पहिले वाक्य बोलतो, आणि पहिले वाक्य बाहेर पडले की पुढची येतात.

भरतीओहोटी

वर्गाबाहेरच्या सोयी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो.

तान्देम: तुम्ही त्यांना एक भाषा द्यायची, त्यांनी तुम्हाला इटालियन द्यायची. सीएलएकडे बहुधा नोंदणी असते आणि ते जोडीदार शोधून देतात. इंग्रजी सुधारू इच्छिणारे इटालियन विद्यार्थी भरपूर आहेत, शिवाय भारतविद्या किंवा हिंदी-संस्कृत शिकणारेही काही विद्यापीठांत भेटतात. वेळ काटेकोर अर्धा-अर्धा वाटून घ्या आणि भाषा मिसळू नका, नाहीतर ज्याची भाषा दोघांना जास्त येते तिचाच तास होतो. इरास्मस विद्यार्थ्यांचे मंडळ, ईएसएन, जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात आहे. त्यांच्याकडेही भाषाविनिमयाच्या संध्याकाळी होतात, पण तिथे परदेशी लोकच जास्त असतात, म्हणून ओळखी करायला ते ठीक.

सीपीआयए: प्रौढांच्या शिक्षणासाठी असलेल्या या सरकारी शाळा आहेत. ए१ आणि ए२ चे वर्ग फुकट किंवा नाममात्र शुल्कात असतात, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी. तिथे तुमच्या शेजारी स्थलांतरित कामगार, मुलांच्या आया, स्वयंपाकी असे सगळे बसतात आणि त्यांचे बोलणे विद्यापीठातल्या बोलण्याहून फार वेगळे आणि जिवंत असते. मला तो वर्ग मनापासून आवडला.

नगर वाचनालये: अनेक शहरांच्या वाचनालयांत स्वयंसेवक इटालियन संभाषणाचे गट चालवतात. निवृत्त शिक्षक असतात, त्यांना वेळ असतो आणि ते सावकाश, स्वच्छ बोलतात.

पाऊलवाट

@भरतीओहोटी, फार उपयोगी. यात संबोधनाबद्दल एक भर घालते, कारण तान्देमवाले मित्र, ईएसएनवाले, सगळे 'तू'नेच बोलतात आणि मग तीच सवय लागते. प्राध्यापकांशी नेहमी 'लेइ', म्हणजे आदरार्थी 'आपण'. आपल्याला आदरार्थी बोलण्याची जाण जन्मापासून असते, त्यामुळे कधी वापरायचे ते कळते, अडते ते क्रियापदाच्या रूपात. मराठी डोके आदर म्हटले की अनेकवचनाकडे धावते आणि तोंडून 'वोइ' (अनेकवचनी 'तुम्ही') निघते. दक्षिणेत काही भागांत ते आदराने वापरतात हे खरे, पण विद्यापीठात 'लेइ' आणि तृतीय पुरुषी एकवचन. 'स्कूझा' (माफ कर) मित्राला, 'मी स्कूझी' प्राध्यापकांना. 'सेन्ती' (ऐक) मित्राला, 'सेन्ता' प्राध्यापकांना. तान्देमच्या जोडीदाराला आठवड्यातून वीस मिनिटे प्राध्यापकाची भूमिका करायला सांगा, एवढ्याने फरक पडतो.

आणि 'रिचेविमेन्तो' सोडू नका. प्रत्येक प्राध्यापकाची विद्यार्थ्यांना भेटायची ठरलेली वेळ असते. तिथे जाऊन अभ्यासाचा एखादा खरा प्रश्न इटालियनमध्ये विचारणे हा माझ्या मते सर्वांत चांगला संभाषणवर्ग आहे. खोलीत तुम्ही दोघेच असता, विषय तुमच्या माहितीचा असतो, आणि परीक्षेच्या दिवशी तो चेहरा अनोळखी राहत नाही.

सायंतारा

पुन्हा एक प्रश्न. चाचणी दिली, ए२ निघाले. पण वर्गात शिकलेली इटालियन आणि माझ्या घरातल्या मुलींची इटालियन यांत काही मेळच लागत नाही. एक फ्लोरेन्सकडची आहे, ती 'ला कासा'ला 'ला हासा' म्हणते. दुसरी नापोलीची, ती आईशी फोनवर बोलते त्यातले एक अक्षर कळत नाही. मी चुकीचे शिकतेय का?

ओलीमाती

@सायंतारा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लोरेन्सवाली मैत्रीण इटालियनच बोलते, फक्त तस्कनीत दोन स्वरांमधला क घशातून हवा सोडल्यासारखा होतो. आठ-पंधरा दिवसांत कान सरावतो. नापोलीवाली आईशी बोलते ती बहुधा नापोलितानो, आणि ती स्वतंत्र बोली आहे, तिचे व्याकरणही निराळे. मिलानच्या मुलीलाही ती सहज समजणार नाही.

इटलीचे एकीकरण १८६१ साली झाले तेव्हा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने लोकसंख्येच्या जेमतेम अडीच टक्के लोकांना इटालियन बोलता येत होते. दुसरे भाषाशास्त्रज्ञ आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो आकडा दहाच्या आसपास नेला, पण तरीही दहात नऊ जण आपापल्या बोलीतच जगत होते. आज जवळपास सगळे इटालियन बोलतात, आणि घरी अनेकांची बोली टिकून आहे. मला त्याचे फार कौतुक वाटते. तुम्ही शिकता ती इटालियन सगळीकडे चालते. बोली समजून घ्यायची असेल तर मैत्रिणीला विचारा, ती आनंदाने शिकवेल.

कोरा_कागद

प्रमाणपत्राबद्दल कोणी लिहिले नाही. इटालियन माध्यमाला प्रवेश घेताना बी२ लागते. सिएनाचे चिल्स, पेरूजाचे चेली, दान्ते आलिगिएरी संस्थेचे प्लिदा आणि रोमा त्रे विद्यापीठाचे चेर्त, ही चार सर्वमान्य. प्रमाणपत्र असेल तर विद्यापीठाची भाषाचाचणी द्यावी लागत नाही. चिल्समध्ये बोलण्याचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात एक संवाद आणि एक एकट्याचे बोलणे, म्हणजे वर शाईची_दौत यांनी सांगितलेले दोन्ही भाग. एखादा विभाग राहिला तर उत्तीर्ण झालेले विभाग दीड वर्ष राखून ठेवता येतात आणि तेवढाच पुन्हा देता येतो. बोलण्यातच गाडी अडणाऱ्यांना हे माहीत असावे.

पुढे इथेच राहणाऱ्यांसाठी: युरोपीय दीर्घ मुदतीच्या रहिवास परवान्याला ए२ लागते, नागरिकत्वाला २०१८ पासून बी१.

नवखा_प्रवासी

सगळ्यांचे आभार. काल एका तोंडी परीक्षेला मागे बसून आलो. ताई म्हणाल्या तसेच होते. एक मुलगा दोनदा अडकला, दोन्ही वेळा "दुंक्वे, दिचामो" म्हणत पुढे गेला आणि त्याला २९ मिळाले. वही भरून तुकडे आणले आहेत. शिक्षकांनाही ईमेल केली.

माझी पहिली तोंडी परीक्षा जानेवारीच्या आप्पेल्लोत (परीक्षेच्या फेरीत) आहे, विषय आधुनिक युरोपचा इतिहास. अजून दीड महिना आहे. या दीड महिन्यात नेमके काय करू?

पाऊलवाट

पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका घ्या. प्रत्येक प्रकरणाचे शीर्षक म्हणजे एक "मी पार्ली दि" धरा. रोज एक शीर्षक घेऊन, पुस्तक मिटून, उभे राहून चार मिनिटे बोला आणि फोनवर मुद्रित करा. लिहून पाठ करू नका. पाठ केलेले उत्तर प्राध्यापक ओळखतात आणि मध्येच प्रश्न टाकतात, तिथे सगळे कोसळते. कागदावर फक्त पाच-सहा शब्द ठेवा: वर्षे, नावे, कारण, परिणाम. मुद्रण ऐका, जिथे थांबलात तिथला नेमका शब्द शोधा, आणि तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला.

बरेच प्राध्यापक सुरुवातीला 'आर्गोमेन्तो आ पियाचेरे' म्हणजे तुमच्या आवडीचा विषय मागतात. तो आजच ठरवा, आणि त्यातून निघणारे तीन पुढचे प्रश्नही काढून ठेवा, कारण पुढचे प्रश्न त्यातूनच येतात. संभाषणवर्गात जोडीकामाला विषय निवडायची मुभा असेल तर हीच प्रकरणे न्या. इतिहास न शिकलेल्या जोडीदाराला समजले म्हणजे तुमची मांडणी जमली.

गुण मनासारखे नाही मिळाले तर बहुतेक ठिकाणी ते नाकारून पुढच्या आप्पेल्लोला पुन्हा बसता येते, ही तरतूद लक्षात असू द्या. तुमच्या प्राध्यापकांचा त्याबाबतचा नियम आधी विचारून घ्या.

विषय माझाच आहे. अनुक्रमणिका मला निरोपातून पाठवा, आठवड्याला दहा प्रश्न काढून देते. रविवारी संध्याकाळी अर्धा तास फोनवर विचारीनही, इटालियनमध्ये.

लोखंडी_पूल

रविवारी मीही येतो. इतिहास येत नाही, पण न समजणाऱ्या जोडीदाराची जागा भरून काढीन.

नवखा_प्रवासी

अनुक्रमणिका पाठवली आहे ताई. पहिले प्रकरण आज रात्रीच बोलून बघतो.